विष हिरवं, रोग तपकिरी, मला दोन्ही सारखेच

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मी ड्रुइड नावाचं मंत्र मारणारं पात्र खेळतो आणि माझं काम हीलरचं, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवायचं. बाकीचे लढत असतात तेव्हा मी पडद्याच्या एका बाजूच्या वीस पट्ट्यांकडे बघत असतो. प्रत्येक पट्टी म्हणजे आमच्या गटातला एक जण. पट्टी रिकामी होत चालली की त्याचा जीव जातोय. शत्रूने कुणावर काही सोडलं की त्याच्या पट्टीवर रंगीत खूण उमटते. निळी म्हणजे जादू, जांभळी म्हणजे शाप, हिरवी म्हणजे विष, तपकिरी म्हणजे रोग. ड्रुइड हीलरला यातली जादू, शाप आणि विष उतरवता येतं. रोग उतरवता येत नाही.

माझ्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मंडईत टोमॅटो पिकलाय का ते मी हाताने दाबून ठरवतो. खेळात दाबून बघायची सोय नसते. हिरवी खूण आणि तपकिरी खूण मला एकाच मळकट रंगाच्या दिसतात, आणि निर्णय सेकंदभरात घ्यायचा असतो. कित्येक महिने मी दोन्हींवर सारखाच मंत्र मारत होतो. अर्ध्या वेळा तो लागू पडायचा नाही, आणि त्या हुकलेल्या क्षणात दुसराच कुणी मरायचा. मला वाटायचं, आपला हात मंद आहे.

हात मंद नव्हता. हे आकड्यांतही दाखवता येतं. संगणकात रंग तीन भागांत लिहितात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते १ मध्ये. या खेळात विषाचा रंग बरीच वर्षं ०, ०.६, ० असा आहे आणि रोगाचा ०.६, ०.४, ०. म्हणजे दोघांतला मोठा फरक लाल भागात आहे, आणि नेमका तोच माझ्या डोळ्यांकडून मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मग उरतो उजळपणातला फरक. तो मोजायचं ठरलेलं गणित आहे. त्यात हे दोन रंग घातले तर उत्तर येतं जेमतेम १.३ पट. वेबपानांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत एखादं चिन्ह आणि त्याच्या शेजारचा रंग यांत निदान ३ पट फरक मागितलाय. तो निकष खेळांसाठी केलेला नाही, पण १.३ किती तोकडं आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

लाल-हिरव्याची ही अडचण दुर्मीळ नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातल्या साधारण आठ पुरुषांना आणि दोनशेतल्या एका बाईला ती असते. आमच्यासारख्या वीस जणांच्या गटात असा एखादा असणं अगदी सहज शक्य आहे.

माझी सुटका एका ॲडऑनने, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने केली. त्याने रंगाच्या जागी पट्टीवर एक अक्षर आणि एक आकार दाखवायला सुरुवात केली: विषाला एक चिन्ह, रोगाला दुसरं. तेव्हापासून मला या विषयाचं वेड लागलं. ॲडऑन म्हणजे नेमकं काय, ते काय करू शकतं, त्याला काय करू दिलं जात नाही, आणि ही बंधनं माझ्यासारख्यांना कुठे लागतात, हे न खेळणाऱ्यालाही कळेल असं सांगायचा हा प्रयत्न.

हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे पैसे भरून खेळणारे १ कोटी २० लाख होते. त्याच्या पडद्याचा दर्शनी भाग, म्हणजे पट्ट्या, बटणं, नकाशा, गप्पांची खिडकी, पहिल्यापासूनच लुआ या भाषेत लिहिलेला आहे. लुआ ही ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली छोटीशी भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डने हा दर्शनी भाग बाहेरच्यांसाठी उघडा ठेवला. तुम्ही एक फोल्डर करायचा, त्यात लुआची फाइल ठेवायची, सोबत एक यादीवजा फाइल ठेवायची, आणि तो फोल्डर खेळाच्या ॲडऑनच्या फोल्डरात टाकायचा. पुढच्या वेळी खेळ सुरू झाला की तुमचं कोडही सुरू होतं. कुणाची परवानगी लागत नाही.

पण हे कोड एका बंद खोलीत चालतं. त्याला इंटरनेटवर जाता येत नाही, तुमच्या संगणकावरच्या फाइली वाचता येत नाहीत. खेळ जे सांगेल तेवढंच त्याला कळतं, आणि तुमच्या निवडी तेवढ्या त्याला जपून ठेवता येतात, त्याही तुम्ही खेळातून बाहेर पडताना किंवा पडदा नव्याने चढवताना लिहिल्या जातात. म्हणून तासभर बसून मांडणी लावली आणि मधेच खेळ कोसळला तर सगळं पाण्यात. कुणाला पहिल्यांदा ॲडऑन लावून देत असाल तर दर थोड्या वेळाने रीलोडची, म्हणजे पडदा नव्याने चढवायची आज्ञा द्यायला शिकवा. ज्याला एकेक क्लिक करायला कष्ट पडतात, त्याचा तो तास माझ्या तासापेक्षा फार महाग असतो.

आता मुख्य गोष्ट. एकच माहिती माणसापर्यंत अनेक वाटांनी पोचू शकते: रंग, आकार, शब्द, जागा, आवाज. सुगम्यता म्हणजे एक वाट बंद असेल तर दुसरी मोकळी ठेवणं. आणि आपल्या पसंतीची मांडणी, ज्याला बरेच जण नुसती हौस समजतात, तिच्यातूनच या वाटा उघडतात. एकाला मोठी अक्षरं छान दिसतात म्हणून हवी असतात, दुसऱ्याला त्याशिवाय वाचताच येत नाही. सेटिंग दोघांचं एकच.

खेळात रंगांधांसाठी सोय नाही असं नाही. २०१५ च्या सुरुवातीपासून पडद्यावर रंगांचा गाळणीसारखा थर चढवता येतो, तीन प्रकारच्या रंगांधत्वासाठी तीन, कमीजास्त करता येणारे. मी तो वापरून पाहिला आणि काढून टाकला. तो थर सगळ्या जगावर चढतो. गवत, आकाश, ओळखीच्या चिलखतांचे रंग, सगळं बदलतं, आणि तरीही विष-रोगाची जोडी मला वेगळी पडेना. मला दोनच रंग बदलायचे होते. चांगलं ॲडऑन तेवढंच करतं: त्या दोन खुणांपुरता रंग निवडू देतं, आणि वर चिन्हही देतं. खेळाचाच दुसरा एक पर्याय मला जास्त आवडतो, तो म्हणजे वस्तूंच्या माहितीत जास्तीचे शब्द दाखवणारा. वस्तूचा दर्जा नावाच्या रंगावरून कळतो, राखाडीपासून हिरव्या, निळ्या, जांभळ्या, नारिंगीपर्यंत. तो पर्याय लावला की दर्जा शब्दांत लिहून येतो. शब्दाला रंग लागत नाही.

आवाजाची वाट त्याहून मोठी आहे. जीटीएफओ नावाचं एक जुनं, साधं ॲडऑन आहे. तुम्ही आगीत, विषारी डबक्यात किंवा अशाच कुठल्या घातक जागी उभे असाल तर ते भोंगा वाजवतं. बस. जमिनीवरचं लाल वर्तुळ ज्याला लाल जमिनीवर दिसत नाही, त्याच्यासाठी तो भोंगा म्हणजे डोळाच. डेडली बॉस मॉड्स हे ॲडऑन बॉस, म्हणजे लढाईतला मोठा शत्रू, पुढे काय करणार ते सांगतं, पट्टी सरकवून आणि आवाजात उलटी मोजणी करून. यातली बरीच ॲडऑन एका सामाईक साठ्यातून फॉन्ट आणि आवाज घेतात, म्हणून तुम्हाला झेपणारा एक ठसठशीत फॉन्ट एकदा त्या साठ्यात टाकला की तो सगळीकडे निवडता येतो. (देवनागरीचं मात्र अजून जमलेलं नाही, हा खेळ कुठल्याच भारतीय भाषेत नाही.)

आणि खेळाच्या क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातल्या आवृत्तीसाठी स्कू नावाचं ॲडऑन आहे, अंध खेळाडूंसाठी. सगळे मेन्यू बाणांच्या कळांनी फिरायचे आणि कानांनी ऐकायचे. वाटेत ठरावीक ठिकाणी आवाजाचे खांब रोवलेले, एक गाठला की पुढचा वाजू लागतो. एका दृश्य जगाचा असा श्राव्य नकाशा काही स्वयंसेवकांनी फावल्या वेळात उभा केला. त्याचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खेळ थांबवून नुसता ऐकत बसलो होतो.

हातांचं बोलायला हवं, कारण त्याकडे दुर्लक्ष होतं. या खेळात एका पात्राकडे वीस-तीस मंत्र सहज असतात, आणि त्यांच्यासाठी तेवढ्या कळा. ज्याची बोटं आखडतात, किंवा जो एकाच हाताने खेळतो, त्याच्यासाठी ओपाय हे ॲडऑन एका कळेखाली मंत्रांचं अख्खं वर्तुळ ठेवतं. क्लीक नावाच्या ॲडऑनने मंत्र थेट उंदराच्या बटणांवर बांधता येतात, पट्टीवर उंदीर नेला आणि दाबलं, आधी निवडायची पायरीच गेली. कन्सोलपोर्ट या ॲडऑनने हा खेळ गेमपॅडवर आणला. २०२० मध्ये ब्लिझर्डने गेमपॅडची सोय खेळाच्या आतच दिली. त्याआधी खेळाबाहेर एक वेगळा प्रोग्रॅम चालवून पॅडची बटणं कळांवर चढवावी लागत.

इथे एक अडचण येते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मदत कुठे संपते आणि खेळाडूऐवजी यंत्र खेळायला कुठे लागतं?

सुरुवातीच्या काळात ही रेघ नव्हती. डीकर्सिव्ह नावाच्या ॲडऑनला तुम्ही एकच कळ दाबायची. कुणावर शाप आहे, कुणाला आधी वाचवायचं, कुठला मंत्र मारायचा, सगळं ते ठरवायचं. माझं आज रंगांमुळे जे अडतं ते तेव्हा अडलंच नसतं. पण हीलरच्या कामातला निर्णयही उरला नसता. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने नियम बदलला: मंत्र मारणं, लक्ष्य निवडणं अशा क्रिया राखीव झाल्या. ॲडऑन स्वतःहून त्या करू शकत नाही. माणसाने कळ किंवा बटण दाबलं पाहिजे, आणि त्या दाबण्याने कुणावर काय होणार हे लढाई सुरू होण्याआधी ठरलेलं पाहिजे.

हे पाळलं जातंय हे खेळाला कसं कळतं? त्याची युक्ती फार सुंदर आहे. तिला म्हणतात टेंट, म्हणजे डाग. हळदीचे हात लागले की जिथे लागतील तिथे पिवळं होतं, तसं ॲडऑनचं कोड ज्या माहितीला शिवेल तिच्यावर खेळ डाग पाडतो. ती माहिती वापरणाऱ्या पुढच्या कोडलाही डाग लागतो. डागाळलेलं कोड राखीव क्रियेच्या दाराशी आलं की दार बंद, आणि पडद्यावर संदेश येतो की ॲडऑनमुळे क्रिया अडली. ॲडऑन चांगल्या हेतूचं आहे की वाईट, हे तपासायची गरजच पडत नाही.

याचा दुसरा भाग म्हणजे लढाईतलं कुलूप. लढाई सुरू झाली की राखीव बटणं हलवता, मोठी करता, दाखवता किंवा लपवता येत नाहीत. नाहीतर ॲडऑन योग्य बटण तुमच्या उंदराखाली आणून ठेवेल आणि तुम्ही नुसते टकटक करत राहाल. कारण पटण्यासारखं आहे. पण बटण लहान पडतंय हे लक्षात येतं ते नेमकं लढाईतच. तुम्ही आकार वाढवता आणि काहीच घडत नाही. चांगलं ॲडऑन ही इच्छा लक्षात ठेवतं, लढाई संपल्याची सूचना खेळाकडून आली की बदल लागू करतं, आणि मधल्या वेळात ‘लढाई संपल्यावर बदल होईल’ असं लिहून सांगतं. वाईट ॲडऑन गप्प बसतं. ज्याला आपल्याच डोळ्यांवर किंवा हातांवर आधीच भरवसा कमी आहे, त्याला ते गप्प बसणं फार लागतं. त्याला वाटतं आपलंच चुकलं. मला वाटलं होतं तसं.

२०२२ च्या ऑक्टोबरात, ड्रॅगनफ्लाइट या मोठ्या आवृत्तीच्या आधी, खेळातच मांडणी बदलायची सोय आली: पट्ट्या आणि बटणं उचला, हवी तिथे ठेवा, आकार बदला. आणि सगळी मांडणी एका लांबलचक ओळीत काढून दुसऱ्याला द्या. या शेवटच्या गोष्टीचं कौतुक कमी झालं. एखाद्याला स्वतः मांडणी लावणं जमत नसेल तर बहीण, मित्र, कुणीही आपल्या संगणकावर ती लावून ती ओळ पाठवू शकतं. मोठ्या ॲडऑनांत हे आधीपासून होतं. २०२१ मध्ये गप्पांचा मजकूर आवाजात वाचण्याची सोय आली, २०२४ मध्ये कोळ्यांची दहशत असणाऱ्यांसाठी कोळ्यांच्या जागी खेकडे दाखवणारा पर्याय. २०२५ च्या जूनमध्ये तर पुढचा मंत्र सुचवणारा सहायक आला, आणि एकच बटण पुनःपुन्हा दाबून सगळे मंत्र क्रमाने मारायची सोयही. तिची किंमत आहे: प्रत्येक मंत्रामागे ०.२ सेकंदांचा जास्तीचा थांबा. मला हा तोडगा रास्त वाटतो. ज्याची बोटं साथ देत नाहीत तो माणूस खेळात राहतो, आणि सगळ्या कळा शिकणाऱ्याची मेहनतही वाया जात नाही. काही जण याला फुकटची सवलत म्हणाले. त्यांनी महिनाभर एका हाताने खेळून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मग २०२६ मधली मिडनाइट ही मोठी आवृत्ती. ब्लिझर्डने ठरवलं की लढाईत ॲडऑन माणसाऐवजी जास्तच विचार करू लागली आहेत. त्यासाठी आणलेली योजना अशी की लढाईतली बरीचशी माहिती ॲडऑनला बंद पाकिटात मिळते. पोस्टमनने पाकीट पोचवावं पण फोडू नये, तसं. एखाद्याची आयुष्यपट्टी किती भरली आहे हा आकडा ॲडऑन पट्टीकडे देऊ शकतं, पट्टी तेवढी भरते, तुम्हाला दिसते. पण ‘आकडा पस्तीसच्या खाली गेला का?’ हे ॲडऑन विचारू शकत नाही. तुलना नाही, गणित नाही.

आता माझ्या बाजूने बघा. पट्टीचा रंग, फॉन्ट, जागा, आकार बदलायला पाकीट फोडावं लागत नाही. ते सगळं शाबूत आहे. पण एका वाटेची माहिती दुसऱ्या वाटेवर वळवायची, म्हणजे पट्टी खाली गेली की घंटा वाजवायची, तर पाकीट फोडावंच लागतं. जिथे नुसती सजावट होती तिथे धक्का कमी बसला, आणि जिथे डोळ्यांचं काम कानांना द्यायचं होतं तिथे जास्त. वीकऑरस या फार लोकप्रिय ॲडऑनच्या लेखकांनी मिडनाइटसाठी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझी अर्धी घंटावळ त्याच्यावर होती.

ब्लिझर्डने हे ओळखलं होतं. लढाईतल्या आवाजी सूचना आणि बॉस पुढे काय करणार याची पट्टी त्यांनी खेळातच आणली. मला वाटतं दिशा योग्य आहे, कारण सुगम्यता एखाद्या स्वयंसेवकाच्या फावल्या वेळावर सोडणं बरोबर नव्हतंच. दर मोठ्या आवृत्तीच्या दिवशी ॲडऑन कालबाह्य ठरतात, लेखकाला नोकरी असते, मूल आजारी असतं, आणि दुरुस्ती चार दिवसांनी येते. हौसेने ॲडऑन वापरणारा ते चार दिवस कुरकुर करत खेळतो. ज्याला त्याशिवाय दिसत नाही तो खेळतच नाही. पण खेळातल्या सोयी सगळ्यांसाठी एकच साचा घेऊन येतात. ॲडऑनात मला हवा तो आवाज, हव्या त्या टक्क्याला, हव्या त्याच माणसासाठी मिळायचा. तेवढी बारीक निवड आतल्या सोयींना द्यावी लागेल, आणि ती मागत राहणं आपल्या हातात आहे.

तुम्ही स्वतः ॲडऑन लिहीत असाल तर मी वापरतो ती एक तपासणी करून बघा. पडदा भरलेला असताना, ऐन लढाईत, स्क्रीनशॉट घ्या. त्यातला रंग पूर्ण काढून तो काळा-पांढरा करा. तो या खेळाची सवय असलेल्या, पण तुमचं ॲडऑन कधी न पाहिलेल्या कुणाला दाखवा आणि विचारा: कोण मरतोय, कुणावर विष आहे, तुझा कुठला मंत्र तयार आहे? जिथे तो अडखळेल तिथे एक अक्षर घाला. मग खेळाचा आवाज बंद करून हीच लढाई पुन्हा खेळा, आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. ज्या प्रश्नाचं उत्तर एकाच वाटेने मिळतं, त्याची यादी करा. माझ्या ॲडऑनच्या लेखकाला मी अशीच यादी इंग्रजीत लिहून पाठवली होती, सात ओळींची, सोबत दोन काळे-पांढरे स्क्रीनशॉट. पुढच्या आवृत्तीत पट्ट्यांच्या पानावर एक नवीन चौकोन आला होता, ‘रंगासोबत चिन्ह दाखवा’. तो पहिल्यापासूनच टिक केलेला होता.